डोळा एका विभागात, हात दुसऱ्या विभागात

प्रवेशाचा हंगाम आला की एक वाद नेमाने होतो. रोबोटिक्सची शाखा घ्यावी की नाही? पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बाजू म्हणते, हे मेकॅनिकलचंच नवं बारसं आहे, प्लेसमेंटच्या वेळी कळेल. दुसरी म्हणते, आता रोबो आपले आपणच शिकतात, तेव्हा कॉम्प्युटर घ्या. यंत्राचा सांगाडा काय, कुठूनही विकत आणता येतो. अभ्यास मंडळांच्या बैठकांत हाच वाद जरा इस्त्री केलेल्या भाषेत चालतो. ज्येष्ठ प्राध्यापक सांगतात, आधी गतिशास्त्र, सांध्यांची गणितं, आणि सांध्यांची मांडणी आकड्यांत लिहिणारी डेनाव्हिट-हार्टेनबर्गची कोष्टकं पक्की करा. तरुण प्राध्यापक म्हणतात, १९५५ सालची ती पद्धत आता संग्रहालयात ठेवा आणि उदाहरणांवरून आपोआप शिकणारी न्यूरल नेटवर्क शिकवा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एका गोष्टीवर दोघांचं मुकाट एकमत असतं आणि ते तपासायला कुणी तयार नसतं: रोबोचं पाहणं हा एक विषय, रोबोचं धरणं-उचलणं हा दुसरा. गफलत नेमकी इथे आहे. यंत्राने पाहणं आणि यंत्राने वस्तू हाताळणं हा माझ्या मते एकच विषय आहे. तो एका शिक्षकाने, किंवा एकत्र बसणाऱ्या दोघांनी, एकाच सत्रात, खऱ्या वस्तू आणि खरा हात समोर ठेवून शिकवायला हवा. ते जमणार नसेल तर त्या महाविद्यालयाने रोबोटिक्सची पाटी लावू नये.

आज काय होतं ते पाहा. इमेज प्रोसेसिंग शिकवतो इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर विभाग. विद्यार्थी इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोंवर प्रोग्रॅम चालवतो, कपाभोवती हिरवी चौकट उमटते, खाली टक्केवारी येते, प्रिंटआउट जर्नलमध्ये चिकटते. रोबोटिक्स शिकवतो मेकॅनिकल विभाग. तिथे प्रश्नपत्रिकेत वस्तूचे सहनिर्देशक आयतेच दिलेले असतात आणि विद्यार्थ्याने सांध्यांचे कोन काढायचे असतात. एका विषयाचं शेवटचं पान हिरवी चौकट, दुसऱ्याचं पहिलं पान आयते सहनिर्देशक. चौकटीपासून सहनिर्देशकांपर्यंत कसं पोचायचं, हे दोघांपैकी कुणीच शिकवत नाही. तोंडी परीक्षा घेताना मी हटकून विचारतो: हा बिंदू कॅमेऱ्याच्या हिशोबाने सांगितला आहेस की रोबोच्या बेसच्या? कोष्टकं तोंडपाठ असलेली हुशार मुलंही इथे अडखळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा प्रश्न त्यांना कधी पडावा अशी सोयच केलेली नव्हती.

आणि प्रश्न किरकोळ नाही. कॅमेरा हाताच्या संदर्भात नेमका कुठे, कोणत्या कोनात बसला आहे हे मोजून काढण्याला हँड-आय कॅलिब्रेशन म्हणतात. त्यात एका अंशाची चूक राहिली, तर एक मीटरवरची वस्तू रोबोला जवळजवळ साडेसतरा मिलिमीटर बाजूला भासते. ग्रिपर, म्हणजे रोबोचा पकडणारा पंजा, पेन सोडून शेजारच्या हवेवर मिटतो. फोटोतली ओळख अचूक, सांध्यांचं गणित अचूक, आणि हाताला काही लागलेलं नाही. चूक कुठल्या विभागाची म्हणायची?

स्टीलच्या वाटीचं उदाहरण घेऊ. टेबलावर दहा-बारा वाट्या, काही सुट्या, काही एकात एक बसलेल्या, आणि रोबोने त्यातली एक उचलून ताटात ठेवायची. खोली मोजणारे नेहमीचे कॅमेरे इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी फेकतात आणि ती कुठे पडली यावरून अंतर काढतात. चकचकीत स्टीलवर हे ठिपके भलतीकडे उडतात. मग पडद्यावर जी वाटी येते तिच्या पोटात भोक असतं आणि काही बिंदू चक्क टेबलाच्या खाली गेलेले असतात. पण वाटीची कड बऱ्यापैकी दिसते. दोन बोटांच्या ग्रिपरला तेवढी पुरते, एक बोट आत आणि एक बाहेर. म्हणजे वाटीचा पूर्ण आकार कळायची गरजच नव्हती. कडेचा एक तुकडा आणि त्याची दिशा कळली की काम झालं. हेच काम व्हॅक्यूमच्या कपाने करायचं ठरवलं तर कड निरुपयोगी आणि बुडाचा सपाट भाग महत्त्वाचा. हात बदलला की डोळ्याला विचारायचा प्रश्नच बदलतो. पुढची गंमत अशी की रोबोने वाटी उचलली तेव्हा ती एक आहे की एकात एक अडकलेल्या तीन आहेत, हे वरच्या कॅमेऱ्याला सांगता येत नाही, कारण मध्ये रोबोचाच हात आलेला असतो. ते सांगतो मनगटातला बलसेन्सर: वजन तिप्पट लागतंय. इथे डोळ्याचं काम हाताने केलं. (वाट्यांवर टाल्कम पावडर मारून चमक घालवणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याला मी पूर्ण गुण देईन, मग पंगतीत वाढायला मात्र त्याला बोलावणार नाही.) एका वाटीत प्रकाशशास्त्र, भूमिती, घर्षण, बलमापन आणि निर्णय एवढं सगळं येतं. ते वेगवेगळ्या पेपरांत विभागून शिकवलं की प्रत्येक पेपर सुटतो आणि वाटी टेबलावरच राहते.

ही फाळणी आपणच पहिल्यांदा करतोय असंही नाही. ब्रिटनमध्ये १९७३ साली सर जेम्स लाइटहिल या नामवंत गणितज्ञाचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी या क्षेत्राचे तीन भाग पाडले: एका टोकाला प्रगत स्वयंचलन, दुसऱ्या टोकाला मेंदूच्या कार्याचा संगणकाच्या मदतीने अभ्यास, आणि दोन्हींना जोडणारा पूल म्हणून रोबो बांधणं. दोन टोकांना त्यांनी भवितव्य आहे म्हटलं, पुलाला नाही. त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठात फ्रेडी नावाचा रोबो टीव्ही कॅमेऱ्याने लाकडी तुकड्यांचा ढीग पाहून, एकेक तुकडा वेगळा करून त्यातून खेळण्यातली मोटार जोडत होता. फार हळू, पण जोडत होता. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टीव्हीसाठी जाहीर वादसभा झाली, एडिंबराचेच डोनाल्ड मिची आणि अमेरिकेहून आलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जॉन मॅकार्थी लाइटहिलच्या विरोधात बोलले, तरी ब्रिटनमधल्या या संशोधनाचा पैसा आटला तो आटलाच. लाइटहिल मूर्ख नव्हते. खऱ्या जगात शक्यतांची संख्या इतकी झपाट्याने फुगते की त्या वेळच्या पद्धती तिथे गुदमरतात, हा त्यांचा आक्षेप खराच होता. पण त्यांनी ज्याला दोन खऱ्या विषयांमधली पोकळ जागा म्हटलं, तिथेच पुढच्या पन्नास वर्षांतले सगळ्यात चिवट प्रश्न निघाले. आपल्या अभ्यास मंडळांनी लाइटहिल वाचलेला नसेल. विभागणी मात्र हुबेहूब त्याचीच केली आहे. एक टोक मेकॅनिकलला, दुसरं कॉम्प्युटरला, पूल वाऱ्यावर.

पाहणं आणि करणं खरंच इतकं बांधलेलं असतं का? रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला, मांजरीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. दोन पिल्लं एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना. एक स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामागे फिरायचं. दोघांच्या डोळ्यांसमोरून जवळपास सारखंच दृश्य जायचं. पण नंतर चालणारं पिल्लू पृष्ठभाग जवळ येताच पाय पुढे करायचं आणि टोपलीतल्याला ते जमायचं नाही. डाउनलोड केलेल्या फोटोंवर चार वर्षं काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कुठे बसवलं आहे?

आता विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण त्याला बगल दिली तर या लेखाला अर्थ नाही. तो असा: तुम्ही जे कॅलिब्रेशन, पकड, घर्षण म्हणताय ते मशीन लर्निंगने गिळलं आहे. २०१६ मध्ये गूगलने सहा ते चौदा यांत्रिक हात दोन महिने चालवून आठ लाखांहून जास्त वेळा वस्तू पकडून पाहिल्या, आणि त्यांचं नेटवर्क कॅमेऱ्याचं काटेकोर कॅलिब्रेशन न करताही पकडायला शिकलं. २०२२ च्या त्यांच्या आरटी-१ या प्रणालीसाठी १३ रोबोंनी १७ महिन्यांत सुमारे १ लाख ३० हजार प्रात्यक्षिकं गोळा केली. २०२३ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून २२ प्रकारच्या रोबोंच्या दहा लाखांवर हालचालींचा साठा खुला केला. आज कॅमेऱ्याचं चित्र आणि साध्या भाषेतली आज्ञा दिली की थेट हाताची हालचाल बाहेर देणारी मॉडेलं आहेत. मग मधला पूल शिकवायचा कशाला, नेटवर्कच पूल आहे ना?

यातला बराच भाग मला मान्य आहे. खरं तर हा मुद्दा माझ्याच बाजूने जातो, कारण ही मॉडेलं पाहणं आणि हाताळणं एकत्रच शिकतात. फाळणी त्यांनीही मोडीत काढली आहे. राहिला प्रश्न ती वापरणाऱ्याला आतलं काय कळायला हवं याचा. ओपनएआयने २०१९ मध्ये पाच बोटांच्या रोबोहाताकडून रुबिक क्यूब सोडवून घेतला. शिकवणी पूर्ण सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली जगात झाली, एकूण सराव सुमारे १३ हजार वर्षांचा. सगळ्यात अवघड मांडणीत मात्र खऱ्या हाताला यश आलं पाचांतून एकदा. त्या सिम्युलेशनमध्ये घर्षण, वजन, क्यूबचा आकार, मोटरचा जोर अशा कित्येक गोष्टी मुद्दाम हलत्या ठेवल्या होत्या. कोणत्या गोष्टी हलत्या ठेवायच्या आणि किती, हे सुरुवातीला कुणी ठरवलं? ज्यांना बोट आणि वस्तू एकमेकांना टेकतात त्या क्षणी काय होतं ते माहीत होतं त्यांनी. २०२१ मध्ये कंपनीने रोबो विभाग बंद केल्याचं जाहीर केलं आणि डेटाची टंचाई हे एक कारण म्हणून पुढे आलं. भाषेसाठी अख्खं इंटरनेट वाचायला मिळतं. वाटी कशी निसटते याचं इंटरनेट नाही. तो डेटा प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःच्या हाताने गोळा करावा लागतो, आणि चुकीच्या बसवलेल्या कॅमेऱ्याने, ढिल्या ग्रिपरने गोळा केलेला डेटा कितीही मोठ्या मॉडेलला दिला तरी निकाल तसाच येणार. चौदा हात दोन महिने फिरवण्याची ऐपत आपल्या कुठल्या महाविद्यालयाची आहे? ज्याच्याकडे डेटा थोडा, त्यालाच भूमिती आणि घर्षण जास्त यायला हवं.

स्पर्धांचे निकालही हेच सांगतात. ॲमेझॉनने गोदामातल्या कप्प्यांतून वस्तू उचलण्याची स्पर्धा तीन वर्षं घेतली: २०१५ मध्ये सिॲटल, २०१६ मध्ये लाइपझिग, २०१७ मध्ये नागोया. पहिल्या वर्षी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला. त्यांच्या हाताच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती. बारापैकी दहा वस्तू त्यांनी उचलल्या. काही संघांना एकही उचलता आली नाही, आणि तिथे उतरलेल्यांपैकी कच्चं कुणीच नव्हतं. नळीला वस्तूचा नेमका कोन कळायची गरज फार कमी पडते. झाकेल एवढा पृष्ठभाग सापडला की ती चिकटते. बोटांची कसरत टाळून त्यांनी डोळ्यावरचा भार उतरवला. २०१७ चा विजेता ऑस्ट्रेलियन संघाचा कार्टमन हा रोबो. त्याला खांदा-कोपराचा हात नव्हताच. तो क्रेनसारखा तीन सरळ अक्षांवर सरकायचा, त्यामुळे हालचालीचं नियोजन सोपं झालं. ओळखण्याचं काम त्यांनी नेटवर्ककडे दिलं, आणि अर्ध्या वस्तू फेरीच्या तोंडावर समजणार असल्याने थोडक्या फोटोंवर ते नेटवर्क पुन्हा शिकवायची युक्ती काढली. आयआयटी कानपूर आणि टीसीएसचा संयुक्त संघही या स्पर्धेत उतरला होता, म्हणजे ही आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती असंही नाही. जिंकणाऱ्यांनी कॅमेरा, ग्रिपर, गणित आणि मॉडेल यांच्यात कामाची अदलाबदल केली. ज्याला यातली एकच बाजू शिकवली आहे तो अदलाबदल कशाशी करणार?

दुसरा आक्षेप उद्योगातून येतो आणि तो ऐकताना मी नेहमी थोडा नरमतो. चाकणला जाऊन पाहा, ते म्हणतात. वेल्डिंगचे रोबो आंधळे आहेत आणि तसेच बरे आहेत. सुटा भाग फिक्स्चरमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या साच्यात, दर वेळी त्याच जागी बसतो, टीच पेंडंटवरून (रोबोला हालचाल शिकवायच्या हातातल्या पॅनेलवरून) एकदा शिकवलेली हालचाल रोबो वर्षानुवर्षं करतो. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला युनिमेट लागला, तोही आंधळाच होता. बजाज ऑटोने चाकणमध्ये २०१० पासून माणसांशेजारी काम करणारे कोबॉट लावले, तेही प्रामुख्याने ठरलेल्या जागी ठरलेलं काम करायला. आम्हाला पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला नियंत्रक) आणि फिक्स्चर कळणारी मुलं द्या, कॅमेऱ्याचे पंडित नकोत.

बरोबर आहे. फिक्स्चर असताना कॅमेरा लावणं हा पैशाचा आणि बिघाडाचा धंदा आहे. पण फिक्स्चर म्हणजे काय? वस्तू कुठे आहे हे ज्ञान लोखंडात ओतून ठेवलेलं असतं. तेही पाहण्याचंच काम, फक्त आधी आणि एकदाच केलेलं. कुठे फिक्स्चर पुरे आणि कुठे कॅमेरा लागेल, याचा निवाडा दोन्ही जाणणाराच करू शकतो. आणि आंधळ्या रोबोंना जमतील अशी कामं मोठ्या कारखान्यांत बरीचशी होऊन गेली आहेत. जी उरली ती अशी: खोक्यात अस्ताव्यस्त पडलेले फोर्जिंगचे तुकडे, वायरींच्या लोंबणाऱ्या जुड्या (हार्नेस), मंडईतला माल, रुग्णालयातलं कापड. बर्कलीतल्या रोबोने २०१० मध्ये न पाहिलेल्या टॉवेलची घडी घातली तेव्हा एका टॉवेलला सरासरी २४ मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. पुढे वेळ बराच उतरला, तरी कापड आजही दमवतं. चाकणच्या छोट्या पुरवठादाराकडे आज एक भाग, उद्या दुसरा. प्रत्येकासाठी फिक्स्चर बनवणं त्याला परवडत नाही. तो कोणाला नोकरी देईल?

तिसरा आक्षेप पैशाचा. औद्योगिक हात लाखांत जातो, तेव्हा सिम्युलेशनवर भागवा. इथे मला एक गोष्ट माझ्या विरोधात सांगायलाच हवी. एमआयटीत रस टेड्रेक रोबोच्या हाताळणीचा जो अभ्यासक्रम शिकवतात, त्यात कॅमेऱ्यातून येणारे बिंदू, वस्तूची स्थिती, पकडीची निवड, हालचालीचं नियोजन आणि बलनियंत्रण हे सगळं मी म्हणतो तसं एकत्र येतं, आणि त्याची टिपणं इंटरनेटवर फुकट आहेत; पण तिथला गृहपाठ बहुतांशी सिम्युलेटरवरच होतो. मग खऱ्या हाताचा माझा हट्ट कशाला? कारण तिथला विद्यार्थी सिम्युलेटर बंद करून बाहेर पडला की जवळपास कुठेतरी खरा हात वस्तू पाडताना दिसतो. आपल्याकडे सिम्युलेटर बंद केला की कँटीन दिसतं. सिम्युलेशन वापराच, हात मोडण्याआधी हजार वेळा करून बघायला त्याच्यासारखं साधन नाही. फक्त त्याने दिलेलं उत्तर खोटं कुठे पडतं हे कळण्यापुरता एक तरी खरा हात लागतो. तो औद्योगिकच असावा असं नाही. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग आणि बाजारात मिळणाऱ्या सर्व्हो मोटरी वापरून बनणाऱ्या छोट्या हातांचे आराखडे खुले आहेत. काही हजार रुपयांत एक उभा राहतो. त्याचे सांधे ढिले असतात, तो थरथरतो, आणि शिकवायला ते चांगलंच आहे, कारण चूक डोळ्यांना दिसते. उलट मोठा हात घेतल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे. एका महाविद्यालयात उद्घाटनाची फीत कापल्यावर लाखो रुपयांचा हात प्लॅस्टिकच्या आवरणात गेला, आणि विद्यार्थ्यांनी पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहून तो बघायचा असा नियम झाला.

कोणी म्हणेल, मुलं हे सगळं स्पर्धांतून शिकतातच. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या उपक्रमाने देशभरातल्या महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभ्या करायला मदत केली, पुण्यात २००८ आणि २०१४ मध्ये आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा झाली, तिच्यासाठी रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये काढलेल्या मुलांनी पुढे चांगली कामं केली. खरं आहे. पण ती मुलं हे अभ्यासक्रमाला चोरून शिकली, बऱ्याचदा एखादा विषय राहण्याची किंमत देऊन. साठ जणांच्या वर्गातल्या उरलेल्या पन्नासांचं काय?

ज्येष्ठ प्राध्यापकांच्या 'पाया आधी' या म्हणण्याशी माझं भांडण नाही. कॅमेऱ्याच्या हिशोबातला बिंदू रोबोच्या हिशोबात नेणारी रूपांतराची मॅट्रिक्स मीही आधी शिकवीन. फक्त पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याने पाहिलेल्या खुणेला हाताने टोक लावून दाखवायला सांगेन. टोक दोन सेंटिमीटर चुकलं की मॅट्रिक्स कशासाठी हे वेगळं समजावत बसावं लागत नाही.

खरी अडचण परीक्षेची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सत्तर गुणांच्या लेखी पेपरात वाटी येऊ शकत नाही. म्हणून निदान या एका विषयात लेखीचं वजन निम्म्यावर आणावं आणि उरलेले गुण अशा प्रात्यक्षिकाला द्यावेत: परीक्षकाने येताना विद्यार्थ्यांनी न पाहिलेल्या पाच वस्तू पिशवीतून आणायच्या, रोबोने वीस मिनिटांत जमतील तेवढ्या उचलायच्या, आणि न उचललेल्या प्रत्येक वस्तूसाठी विद्यार्थ्याने अपयशाचं कारण नोंदींच्या आधारे दाखवायचं. चूक कॅमेऱ्यात होती, कॅलिब्रेशनमध्ये, पकडीच्या निवडीत की मॉडेलमध्ये? कारण पटलं तर अपयशालाही गुण. असा परीक्षक मिळणं कठीण, एका दिवसात साठ जणांची परीक्षा होणार नाही, दुरुस्तीला तंत्रज्ञ लागेल, आणि गुणांत सारखेपणा राहणार नाही म्हणून विद्यापीठ हरकत घेईल. पहिल्या तिन्हींवर गट करून आणि दिवस वाढवून तोडगा निघतो. चौथीसाठी स्वायत्त महाविद्यालयांना विद्यापीठाची वाट पाहायची गरज नाही. मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आजच आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय घालायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.